येतो म्हणजे जातो, पण परत येतो

सहा महिन्यांच्या पोरीला पोहायला न्यायचं म्हणाला, तेव्हा मी नवऱ्याला सरळ वेड्यात काढलं होतं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिला अजून धड बसता येत नाही!" तर म्हणतो, "पाण्यात कुठे बसायचंय?" हा असा माणूस. भांडायला कंबर कसून उभं राहावं, आणि हसायलाच यावं.

तो सांगलीजवळच्या खेड्यातला. त्याच्या काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला विहिरीत ढकललं होतं, वर उभे राहून "हात मार, हात मार" असं ओरडत होते, आणि तो शिकला. मी लातूरकडची. आमच्याकडे प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघायची, पोहणार कुठे? डोक्यावरून पाणी घेतानासुद्धा मी अजून डोळे गच्च मिटते. त्यामुळे कतारला आल्यावर दोह्यात एका शाळेच्या बंदिस्त टँकवर तान्ह्या बाळांपासून मोठ्या मुलांपर्यंत पायरीपायरीने पोहणं शिकवतात, असं त्याला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी ठणकावलं, "ने हवं तर. मी पाण्यात उतरणार नाही. मी काठावर बसणार आणि देवाचं नाव घेणार."

आम्ही अल नस्रमध्ये राहायचो, दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली किराणा आणि करक चहाची टपरी. मी वेस्ट बे भागात एका विमा कंपनीच्या ऑफिसात होते. तो दुखानला एका कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर, रविवारी पहाटे गाडी काढून जायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. माझ्या आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दुखान? असलं कसलं गं नाव? ऐकूनच दुखायला लागतंय." त्याने माझ्या हातातून फोन घेतला. "अहो आई, अरबीत त्याचा अर्थ धूर." पलीकडून आई म्हणाली, "मग तर बघायलाच नको!" आम्ही तिघं किती हसलो होतो.

लग्नानंतर नव्यानेच तो एकदा दारातून "चल, जातो" म्हणाला होता. मी हातात उलथनं घेऊनच बाहेर आले. "जातो काय म्हणतोस मेल्या? येतो म्हण!" घाबरून म्हणाला, "येतो, येतो, बाई, येतो." पुन्हा कधी चुकला नाही. 'मेल्या' हा शब्द माझ्या तोंडात बसलेला आहे, लहानपणापासूनचा. रागाने तोच, लाडानेही तोच. पुढे लेकीने नर्सरीत एका लेबनीज मुलाला "मेल्या" म्हटलं आणि बाईंनी अर्थ विचारला, तेव्हा घरात कायदा झाला की हा बॅड वर्ड आहे, कुणी म्हणायचा नाही. कायदा मोडणारी एकटी मीच होते, आणि मग ती बोट नाचवत मलाच रागवायची.

तान्ह्या बाळांच्या वर्गात आई किंवा बाप पाण्यात, आणि बाळ त्यांच्या हातांत. शिकवणारी बाई ट्युनिशियाची होती, रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची. सगळेच तिला कोच म्हणायचे. ती बाळांच्या डोक्यावर छोट्या मगाने पाणी ओतायला लावायची, पाण्यात फूं करून बुडबुडे काढायला शिकवायची. नवरा सगळ्या बाळांच्या देखत स्वतः आधी तोंड बुडवून बुडबुडे काढायचा. पोरगी खिदळायची. मी प्लास्टिकच्या खुर्चीत, पर्स छातीशी धरून. पहिल्यांदा तिला पाण्याखाली घेतलं तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला. ती वर आली, डोळे मोठे केले, आणि मला वाटलं आता भोकाड पसरणार, तर ही बया त्याच्या नाकाला धरून हसली. "बघ," तो मला म्हणाला, "श्वास धरला तिने. कुणी शिकवलं?" त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी रागावल्यासारखं तोंड करून दुसरीकडे बघितलं.

बाकीच्या मुलांना टोपीवाले जाड टॉवेल, त्यांवर ससे आणि डायनोसॉर. आमच्या कन्येला सांगलीहून आणलेला पंचा. "पंच्याने पाणी कसं झटकन टिपलं जातं," असं तो म्हणायचा आणि तिला गुंडाळून खांद्यावर टाकायचा. मग खालच्या मजल्यावर बसून गूळ-तुपाच्या पोळीचा रोल. पाण्यातून आलं की पोरांना वाघासारखी भूक लागते.

ती तीन वर्षांची झाली आणि पुढच्या वर्गात गेली. त्या वर्गाचा नियम असा की मूल कठडा धरून पाण्यात, आणि पालकांनी निरोप घेऊन काचेपलीकडे जाऊन बसायचं. कोचने बजावलं, "चोरून पळायचं नाही. तोंडाने बाय म्हणा आणि जा." हा वाकला, लेकीच्या गालाला हात लावला, म्हणाला, "येतो हं." आणि काचेमागे माझ्याशेजारी येऊन बसला.

सगळी मुलं कठड्याला धरून पाय मारायला लागली. आमची मात्र एक हात त्याच्या दिशेने पुढे करून तशीच उभी. कोच म्हणाली यल्ला, म्हणजे चला, ही मान हलवते. कोचने खेळणं दाखवलं, ही मान हलवते. अख्खा तास तसाच गेला. शेवटी कोच चिडून काचेपाशी आली. "तुम्ही तिला काय सांगून गेलात? ती म्हणते, बाबा इज कमिंग!"

"मी बाय म्हणालो," नवरा म्हणाला.

"तुमच्या भाषेत काय म्हणालात?"

तेव्हा कुठे आमच्या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. आमची लेक मराठी ऐकते, उत्तर इंग्रजीत देते. तिने शब्दाचा सरळ अर्थ लावला होता. बाबा येतो म्हणाला, म्हणजे येतोय. नवऱ्याने कोचला समजावलं की आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, ते अशुभ, म्हणून येतो म्हणतात. कोच दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकत होती. "म्हणजे तुम्ही जाताना सांगता की मी येतोय? मग येताना काय सांगता?" आणि ती इतकी मोठ्याने हसली की लाइफगार्डने वळून बघितलं.

त्या दिवशी घरी परतताना गाडीत त्याने लेकीला नियम शिकवला. "येतो म्हणजे जातो, पण परत येतो. कळलं?" तिने विचारलं, "ऑल्वेज?" तो म्हणाला, "ऑल्वेज." पुढच्या शनिवारी तो "येतो" म्हणाला, ती "ओके" म्हणाली आणि पाय मारायला लागली. तास संपला की हा काठावर उभा, हातात पंचा उघडून धरलेला, आणि ती त्याच्याकडे धावत. नियम पक्का झाला. कोचलाही तो शब्द फार आवडला. बाईमाणसाने येते म्हणायचं, हे त्याने तिला शिकवलं, आणि तेव्हापासून तास सुटला की ती आमच्या लेकीला हात हलवून तिच्या त्या घशातल्या आवाजात "येते!" म्हणायची. लेक उलट ओरडायची, "येते!" आई-बाबा आणि बंदी आलेला तो 'मेल्या' सोडला, तर मराठीत ती तोंडाने म्हणायची तो हा एकच शब्द.

तो गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. साइटवर सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, खुर्चीत बसला, आणि खलास. मला ऑफिसात फोन आला. फोन करणारा त्याच्याबरोबरचा केरळी मुलगा रडत होता, आणि मी त्याला समजावत होते की अरे, नीट बघ, त्याला ॲसिडिटीचा त्रास आहे. खरंच सांगते, मी असं म्हणाले.

समोरच्या फ्लॅटमधल्या रत्नागिरीच्या भाभींनी लेकीला शाळेतून आणलं, जेवू घातलं, माझी बॅगसुद्धा त्यांनीच भरली. "तू बस गो. पोरीला मी बघतंय," एवढंच म्हणत राहिल्या. कंपनीच्या लोकांनी कागदपत्रं केली आणि आम्ही त्याला घेऊन गावाकडे गेलो. तिथे वडीलधाऱ्यांनी ठरवलं की लहान लेकरू आहे, तिला काही दाखवायचं नाही. तिला सांगलीत आत्याकडे ठेवलं. येणारा-जाणारा तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, "गेला गं बिचारा. बाबा गेले तुझे." ती मान डोलवायची. आम्हाला वाटलं, किती समजूतदार पोर आहे.

महिन्याभराने आम्ही दोघी परत दोह्याला आलो. तिचं शाळेचं वर्ष संपायचं होतं, मला नोकरीची नोटीस द्यायची होती, घर आवरायचं होतं. दुसरी एखादी राहिलीही असती तिथे, नोकरी होती माझी. मला त्या घरात श्वास घेता येत नव्हता.

पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी ती दारापाशी चपलांच्या कपाटावर जाऊन बसली. लिफ्टचा आवाज आला की कान टवकारायची. मी विचारलं, "काय गं करतेस इथे?"

"इट्स थर्सडे," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. "पिल्ला, बाबा गेले ना. सगळ्यांनी सांगितलं ना तुला तिकडे."

"आय नो. टू दुखान."

"दुखानला नाही. गेले."

"व्हेअर?"

मी म्हणाले, देवाकडे. तिने थोडा विचार केला. "ही सेड येतो," ती मला समजावत म्हणाली. "ही डिडन्ट से जातो." आणि पुन्हा लिफ्टकडे बघायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. काय राग आला मला! देवाचा आला, त्याचा आला, आमच्या त्या शहाण्या भाषेचा आला. अशुभ टाळायला शब्द फिरवून ठेवले, आणि आता माझ्या लेकीला खरं सांगायला एक शब्द शिल्लक नाही.

शनिवारी तिला टँकवर न्यायचं की नाही, कळत नव्हतं. तीच पिशवी भरून उभी राहिली. पिशवीत गॉगल, टोपी, पंचा. कोचला मी आधी कळवलं होतं. ती दारातच मला मिठी मारून उभी राहिली. मोठ्या मुलांच्या वर्गात जायचं तर टँकची रुंदी कठड्यापासून कठड्यापर्यंत एकटीने पार करायची, ही शेवटची पायरी. तो असता तर समोरच्या काठावर उभा राहणार होता. तसं त्यांचं ठरलेलं होतं.

बाकीची मुलं एकेक करून गेली. आमची कठडा धरून उभी. कोच पाण्यातून तिच्याजवळ गेली, हळू आवाजात काहीतरी बोलली, मग मला हाताने बोलावलं. मी चपला काढून काचेपलीकडून आत आले, समोरच्या काठावर गेले आणि पंचा उघडून धरला, तो धरायचा तसाच.

"नॉट यू," ती म्हणाली.

टँकमध्ये आवाज घुमतो. सगळ्यांनी ऐकलं. तिने ते वाईट बुद्धीने म्हटलं नव्हतं, मला माहीत आहे. पण काळीज चिरलं.

मी वळसा घालून तिच्या बाजूला आले आणि ओल्या काठावर, सलवारीसकट, पाय पाण्यात सोडून बसले. गार पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी असं पाण्यात पाय घालून बसले होते, आणि भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

"बाबा येणार नाहीत," मी म्हणाले.

"ही सेड..."

"येतो म्हणाले होते. त्यांना यायचं होतं. पण बाबा मेले, पिल्ला."

त्याच्याबद्दल तो शब्द मी तोपर्यंत उच्चारला नव्हता. गावात कुणीही उच्चारला नव्हता. तिने दचकून माझ्याकडे बघितलं. मग ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि कुजबुजली, "आई, बॅड वर्ड."

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. तोंडातून काहीतरी आवाज आला. त्याला आयुष्यभर ज्या शब्दाने हाका मारल्या, तो शब्द आता त्याच्यावर घालायचा होता आणि लेक म्हणत होती, असं बोलू नये. गेले म्हणावं तर दुखानला, मेले म्हणावं तर शिवी. मी पाण्याकडे बघत राहिले. कोच थोडी दूर उभी होती, बाकीच्या मुलांना बुडबुडे काढायला लावत होती.

"तुला बुडबुडे येतात ना?" मी म्हणाले. "पाण्याखाली श्वास धरतेस, मग वर येतेस आणि श्वास घेतेस."

तिने मान डोलवली.

"बाबांचा श्वास थांबला. साइटवर. खुर्चीत बसले होते. आणि परत चालूच झाला नाही."

"ही डिडन्ट कम अप?" तिने विचारलं.

"नाही आले वर."

"नॉट इव्हन लेटर?"

"कधीच नाही."

मग तिने तोंड पाण्यात बुडवलं, श्वास धरला, आणि राहिली तशीच. कोच दोन पावलं पुढे आली. मी लेकीच्या दंडाला धरायला वाकले, तोच ती वर आली, धापा टाकत, आणि तिचा चेहरा पार बदलला होता. तेव्हा ती रडली. हंबरडा फोडून रडली, कठडा सोडून माझे पाय धरून. इतके दिवस मी वाट बघत होते की हिने एकदा रडावं, आणि रडली तेव्हा मला वाटलं, नको, पोरी, चपलांच्या कपाटावर जाऊन बस, वाट बघत राहा, पण हे नको.

त्या दिवशी ती पोहली नाही. पंच्यात गुंडाळून मी तिला खांद्यावर घ्यायला गेले, पण ती आता जड झाली होती, मला पेलवेना. हात धरून चालत नेली. पुढच्या गुरुवारी ती दारापाशी बसली नाही. लिफ्टचा आवाज आला तेव्हा चित्र काढत होती, मान वर केली नाही. मीच उठून दारापर्यंत गेले आणि परत आले.

निघायच्या आधीच्या शनिवारी आम्ही शेवटचं टँकवर गेलो. समोरच्या काठावर मी उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, गॉगल लावला आणि कठडा सोडला. मधे एकदा डोकं खाली गेलं, पण तिने तोंड बाजूला काढून श्वास घेतला आणि हात मारत राहिली. काठाला हात लागल्यावर कोच ओरडली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला पंच्यात घेतलं आणि मनात त्याला म्हणाले, बघतोयस का रे मेल्या, आली बघ तुझी लेक.

कपडे बदलून आम्ही दारापाशी आलो. कोच दुसऱ्या वर्गाच्या तान्ह्या बाळांना घेऊन पाण्यात उभी होती. तिने आम्हाला पाहिलं, डोळे पुसले, आणि नेहमीसारखा हात उंच करून म्हणाली, "येते!"

लेक थांबली. माझा हात सोडून तिच्याकडे वळली.

"नाही," ती म्हणाली. "मी जाते."

घरात कुणी असं बोललं असतं तर मी उलथनं घेऊन धावले असते. कोचला काही कळलं नाही, ती हसून हात हलवत राहिली. लेकीने पुन्हा माझा हात धरला आणि चेहरा वर करून विचारलं, "बरोबर बोलले ना, आई?"

"हो," मी म्हणाले. "बरोबर बोललीस."